यमुनाताईची निघणारी खाट

यमुनाताई कुणाकडे काही मागायची नाही. सांगायची. भाजीवाल्याला "टाक कोथमीर" म्हणायची आणि तो टाकायचा. मी त्याच भाजीवाल्यासमोर पिशवी उघडी धरून उभी राहायचे. आता टाकेल, मग टाकेल, असं मनात म्हणायचे आणि पिशवी मिटून घरी यायचे.

भाईंदरला, गोडदेवच्या आमच्या चाळीत ती तीन नंबरला, आम्ही चारला. मध्ये एक वीट जाडीची भिंत. तिचं हसू आमच्या घरात यायचं. माझं तिच्याकडे जात असेल असं वाटत नाही.

अंगानं उंच, आवाज मोठा, गाऊनवर खांद्याला टॉवेल. गळ्यात मंगळसूत्र आणि मंगळसूत्राच्या वाटीशेजारी पिकअपची चावी. दत्ताभाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, चावी कुठेही विसरायचे, म्हणून तिनं ती गळ्यातच अडकवली होती. कुणी हसलं तर म्हणायची, "एक नवऱ्याची, एक गाडीची. दोनी गल्यानच बऱ्या." भाऊजी भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतून स्टीलची भांडी भरून दुकानांत पोचवायचे. ती बाजूच्या सीटवर बसायची. भाऊजी गाडी चालवायचे आणि रस्ता ती चालवायची.

एकदा मला डबे घ्यायचे होते, म्हणून तिनं मला सोबत नेलं. कारखान्यासमोर नवी सोसायटी झालेली. वॉचमननं दोरी बांधून ठेवली होती.

"मॅडम, इधर गाड़ी नहीं लगाने का. सोसायटी का जगह है."

"सोसायटी कब बना?"

"पाँच साल हुआ."

"मेरा बाप इधर नमक पकाता था. तब तेरा सोसायटी पानी में था. तू बोल, पहले कौन आया?"

वॉचमन हसला आणि त्यानं दोरी सोडली. मी सीटवर अंग चोरून बसले होते. लाज तिची वाटत होती की माझी, ते त्या दिवशी कळलं नाही. पुढे तो वॉचमन तिच्यासाठी जागा धरून ठेवायला लागला. मला आमच्या चाळीच्या नळावरसुद्धा कुणी जागा धरून ठेवत नव्हतं.

आमचे हे सुतार. चाळीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांचं काम चालतं. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली. सहा आणि नऊ त्यांच्या हातून उलटे पडतात. मी चौथी पास, म्हणून लग्न झाल्यापासून मापं मी लिहिते. ते टेप लावतात आणि आकडा बोलतात, मी लाकडावर पेन्सिलीनं लिहिते. त्यात आमची एक पद्धत आहे. ते खरं माप बोलतात, मी त्यातून हवा वजा करून लिहिते. हवा म्हणजे लाकडाला फुगायला ठेवलेली जागा. एका इंचात आठ सूत, आणि साधारण दोन सूत हवा. ती किती ठेवायची ते त्यांनी मला पहिल्या वर्षी शिकवलं, आणि त्यानंतर एकदाही विचारलं नाही. मी लिहिलेल्या आकड्यावर ते सरळ करवत लावतात. पुन्हा टेप लावून बघत नाहीत. मला दुसरं काही येत नसलं तरी हे येत होतं, आणि ह्यात यमुनाताई नव्हती.

बाकी सगळ्यात होती. चाळीत राहायला आलो तेव्हा मी ह्यांच्याकडे ओट्यावर एक फळी मागितली होती, मसाल्याचे डबे ठेवायला. "बघू" म्हणाले. मी पुन्हा बोलले नाही. अकरा वर्षं डबे खिडकीत राहिले. यमुनाताई एका सकाळी शेडमध्ये आली आणि म्हणाली, "मिस्त्री, गाडीत चढाला स्टूल पायजे. सांजला नेतंय." संध्याकाळी स्टूल तयार होतं, कोपरे गोल केलेलं. मी त्या कोपऱ्यांवरून हात फिरवून बघितला. माझ्या घरात एवढं गुळगुळीत काही नव्हतं.

तिचं माहेर भाईंदर पश्चिमेला, डोंगरीच्या बाजूला. वडिलांची भातशेती होती आणि इकडे पूर्वेला मिठागर होतं. मोठं मोकळं घर होतं, म्हणायची. आई होती तोवर ती महिन्यातून दोनदा जायची, राहायची, आणि येताना सुकटीची पिशवी आणायची. आई गेली, भावानं जुनं घर पाडून दोन मजली बांधलं, आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी राहायला लागलं. एका सणाला ती दोन दिवसांचे कपडे घेऊन गेली आणि दिवे लागायच्या आत परत आली. घरी न जाता माझ्या उंबऱ्यावर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"भावजय बोलली, निंगतंस ना, मंग बस भेटाची न्हाय." तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "माझे आयशीचे घरान मना निजाला जागा न्हाय गो सुमन."

मी तिला पाणी दिलं. खोटं कशाला सांगू, पाणी देताना मला बरं वाटत होतं. तिला कुणीतरी नाही म्हटलं होतं. माझं माहेर रत्नागिरीकडे, आई-वडील गेल्यावर घराला कुलूप लागलं. मी किती वर्षांत गेले नाही ते कुणाला माहीतही नाही, कारण मी कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन ते कधी बोलले नाही.

ती रडेल असं वाटलं होतं. ती पाणी प्याली आणि म्हणाली, "गावचे जत्रंला जानार हाय मी. आनि ऱ्हानार हाय."

"कुठे राहणार?"

"ते बघतंय."

बघितलं तिनं मोबाईलवर. कुठल्यातरी देशातलं नवरा-बायकोचं जोडपं गाडीच्या मागे गादी घालून डोंगरात झोपतं, सकाळी तिथेच चहा करतं. तो व्हिडिओ तिनं चाळीत सगळ्यांना दाखवला. मग शेडमध्ये आली, मागून दत्ताभाऊजी.

"मिस्त्री, हौद्यान खाट बसवाची. ट्रेनचे बर्थवानी. खाली स्टो, पान्याचा कॅन, वर आमी दोघा."

भाऊजी म्हणाले, "सोमवारी सकाळी मला माल भरायचा असतो. गाडीला एक खिळा मारायचा नाही. भोक पाडायचं नाही."

"न्हाय मारनार. निंगनारी खाट. शनवारी घालाची, ऐतवारी काढाची."

"आणि काढून ठेवायची कुठं? आपल्या घरात पाय ठेवायला जागा नाही."

"सुमनचे दारान," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमचे हे हसत होते. अशी निघणारी खाट त्यांनी कधी केली नव्हती. त्या रात्री जेवताना ते भातात बोटानं रेघा ओढत होते. गाडीच्या मागच्या हौद्यात डोक्याशी आणि पायाशी आडवे, लांब बाकांसारखे दोन घोडे, दीड फूट उंच, नुसते ठेवलेले. त्यांच्यावर तीन पाट, शेजारी शेजारी, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत. खिळा नाही, स्क्रू नाही. पाट उचलले की खाट संपली. "डोकं आहे हां तिला," ते म्हणाले. मी त्यांना आमटी वाढली. माझ्या डोक्याबद्दल ते कधी काही बोलले होते का, ते मी आठवून बघितलं.

माप घ्यायच्या दिवशी गाडी शेडसमोर उभी केली. यमुनाताई स्टुलावरून वर चढली आणि हौद्यात सरळ आडवी झाली, उन्हात, रस्त्यावरून माणसं जात असताना. "आखा, मिस्त्री. भावजयचे टेपनी न्हाय, माझे अंगानी माप घ्या. मी कूस बदलतंय तवा किती लागतं ते बी बघा." तिनं कूस बदलून दाखवली. ह्यांनी खडूनं तिच्या डोक्यापाशी आणि पायांपाशी रेघ मारली. दोघंही हसत होते. वाईट काही नव्हतं त्यात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी तशी कधी कुठे आडवी झाले नव्हते. माझ्या कुशीला किती जागा लागते ते कुणी कधी मोजलं नव्हतं.

ह्यांनी टेप लावली. "सहासष्ट इंच पूर्ण. तीन पाट. बावीस-बावीस."

मी बावीसातून दोन सूत वजा करून लिहायला हवं होतं. एकवीस इंच सहा सूत. हात त्या सवयीचाच होता. मी पेन्सिल टेकवली आणि बावीस लिहिलं. तिन्ही फळ्यांवर. विसरले नाही मी. लिहिताना मला कळत होतं.

पॅकिंगच्या फळ्या जोडून ह्यांनी पाट केले. बसवायच्या दिवशी तिसरा पाट जाईना. "एवढं घट्ट कसं?" असं पुटपुटत त्यांनी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं तो खाली बसवला. त्यांना रंधा मारायचा होता, पण यमुनाताई आधीच गादी घेऊन उभी होती. "घट्ट बरा. हलाचा न्हाय. ऱ्हाऊंद्या."

शनिवारी दोघं समुद्राच्या बाजूला गेली, खाट कशी होते ते बघायला. रविवारी संध्याकाळी आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं आणि वाऱ्यानं लाल झाला होता. चाळभर सांगत होती. समोर पाणी, खाली स्टोव्ह, भाऊजींनी चहा केला आणि हिनं गादीवर बसून प्याला. मी दार लोटून घेतलं. भिंतीतून सगळं ऐकू आलंच.

सोमवारी सकाळी पाट निघेनात. दोन रात्रींचं दव आणि खारी हवा पिऊन लाकूड फुगलं होतं. तिन्ही पाट दोन्ही पत्र्यांमध्ये असे आवळून बसले होते की नखसुद्धा शिरत नव्हतं. कारखान्यातून फोनवर फोन. भाऊजींनी हौद्याचा मागचा फाळका उघडला, खालून जॅक लावला. मधला पाट कडकड वाजत वर आला आणि उभा फुटला. तोवर त्यांचा माल दुसऱ्या टेम्पोत भरून गेला होता. एवढ्या वर्षांत त्यांची खेप कधी चुकली नव्हती.

भाऊजी कधी ओरडत नाहीत. तेव्हाही ओरडले नाहीत. "ही खाट आता गाडीत चढणार नाही," एवढंच म्हणाले. जत्रेला आठ दिवस होते.

आमचे हे पुढे झाले. "माझं चुकलं, दत्ता. हवा ठेवायची राहिली."

यमुनाताई म्हणाली, "मिस्त्री, तुमची हवा ऱ्हात न्हाय कदी."

"या वेळी राहिली," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावरही काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी काहीतरी उत्तर शोधून ठेवलं होतं.

पाट आमच्या दारात भिंतीला उभे राहिले. प्रत्येकावर माझा बावीस. जाता-येता दिसायचा. पहिल्या दिवशी मला हवं ते मिळाल्यासारखं वाटलं, ते लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाला आला. यमुनाताई बाहेर आली आणि त्यानं तोलून दिली तेवढी भाजी घेऊन आत गेली. कोथिंबीर टाक म्हणाली नाही. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती दारात बसून स्टुलाला तेल लावत होती. "जत्रंला सकाली जाऊन सांजला येतंय," ती कुणाला तरी सांगत होती. म्हणजे बसनं जाणार, आणि भावजयीनं निघतेस ना म्हणायच्या आधीच निघणार. तिच्या तोंडी ते शोभत नव्हतं. ते माझं बोलणं होतं.

दुपारी हे कुणाकडे तरी दारं बसवायला गेले होते. मी शेडमध्ये पाट आडवा घातला आणि रंधा घेतला. इतकी वर्षं बघत आले होते, पण कधी हातात धरला नव्हता. पहिल्यांदा तो नुसता घसरला, मग लाकडात रुतला. घामाघूम होऊन मी एक कड अर्धी केली, तेवढ्यात हे आले. दारात उभे राहून बघत राहिले.

"उलटा मारू नकोस," ते म्हणाले. "रेषा बघ लाकडाची. चिरेल."

एवढंच. मग त्यांनी फुटलेल्या पाटाला नवी फळी जोडली. मी बावीस खोडून खाली एकवीस इंच सहा सूत लिहिलं, तिन्हीवर. त्यांनी वाचलं आणि मान डोलावली.

पण भाऊजी खाट गाडीत चढवणार नव्हते. मला माहीत होतं कुणाला जावं लागणार. दत्ताभाऊजींशी मी एवढ्या वर्षांत "या" आणि "चहा घ्या" याच्यापुढे बोलले नव्हते. संध्याकाळी मी तीन नंबरच्या दारात जाऊन उभी राहिले. ते टीव्ही बघत होते, ती कांदा चिरत होती.

"भाऊजी," मी म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला. "चूक ह्यांची नाही. माप मी लिहिते. मी हवा वजा केली नाही."

"विसरलात का?"

हो म्हणता आलं असतं. सगळं तिथेच मिटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "आठवत होतं."

भाऊजी तिच्याकडे बघायला लागले. तिनं विळी बाजूला सारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचंही असेल.

"मुद्दाम केलास?"

मी हो म्हणाले.

"कशाला गो? तुझा काय घेतलाय मी?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते सांगत बसले असते तर कोथिंबिरीपासून सुरू करावं लागलं असतं. मी म्हणाले, "माझी फळी राहिलीय अकरा वर्षं. ओट्यावरची."

तिनं खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. मग म्हणाली, "फली पायजे तं फली सांगाची. माझी खाट कशाला अडकवतंस?" आणि भिंतीवर थापटी मारून ओरडली, "मिस्त्री! उद्या हिची फली मारा. मी विचारत न्हाय, सांगतंय!"

पलीकडून ह्यांचा आवाज आला, "हो, मारतो."

दुसऱ्या दिवशी फळी झाली. चांगली झाली, कोपरे गोल. अकरा वर्षं मी जिची वाट बघितली, ती फळीसुद्धा शेवटी तिच्या शब्दानं आली. त्या रात्री मी डबे वर मांडले, आणि पुन्हा जळले.

खाट गाडीत चढली. भाऊजींनी स्वतः दोनदा पाट घालून काढून बघितले, घड्याळ लावून. मग कुणाला काही न बोलता ताडपत्री बांधायला घेतली.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसनं डोंगरीला गेलो. देवीच्या दर्शनाला, आणि खाट नीट आहे का ते बघायला. पिकअप भावाच्या घरासमोर मोकळ्या जागेत उभी होती, पाठ दाराकडे करून, फाळका उघडा. यमुनाताई गादीवर मांडी घालून केस विंचरत होती. जाणारं-येणारं प्रत्येक माणूस तिच्याशी बोलत होतं. "काय गो यमुने, मोटारीन संसार?" "व्हय. तुला बी पायजे काय?" भाऊजी खाली स्टोव्हपाशी बसले होते.

तेवढ्यात घरातून भावजय आली. हातात चहाचा ट्रे. लोक बघत होते, म्हणून तिला यावं लागलं असेल, किंवा नसेलही. "बाहेर काय बसलीस, घरान ये ना," ती म्हणाली.

यमुनाताईनं कंगवा केसात खोवला. बाजूला सरकली आणि गादीवर हातानं जागा झटकली.

"तू ये वर. जागा हाय."

भावजय ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मग भाऊजींनी ट्रे धरला आणि ती साडी सावरत स्टुलावरून वर चढली. दोघी शेजारी बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. यमुनाताईनं मला बघितलं आणि हात केला, "सुमन, ये गो!" तिसरीला जागा होती. मी हसून नको म्हटलं आणि देवळाकडे चालायला लागले. हे म्हणाले, "चढायचं ना." मी म्हणाले, "पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. भांड्यांचे कारखाने वसईकडे गेले, आणि त्यांच्यामागे तीही दोघं गेली. निघायच्या सकाळी अर्ध्या चाळीनं सामान चढवलं. कपाट, पिंप, गॅस, आणि सगळ्यांच्या मागे, फाळक्याशी उभे करून बांधलेले तीन पाट. यमुनाताईनं मला मिठी वगैरे मारली नाही. "निजाला ये वसईला," म्हणाली. "विचारू नको, ये." गळ्यातली चावी काढून तिनं भाऊजींना दिली आणि बाजूच्या सीटवर बसली.

गल्लीच्या तोंडाला एक रिक्षा आडवी उभी होती. तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ए भैया, हटाव ना! बोलतंय ना मी!" रिक्षावाल्यानं मुकाट्यानं रिक्षा मागे घेतली. तिनं मागे वळून बघितलं नाही. तिचा हात तेवढा खिडकीबाहेर होता, पुढचा रस्ता दाखवत.

पाटांच्या खालच्या बाजू आता बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यावर ऊन पडलं होतं. खोडलेला बावीस, आणि त्याच्या खाली एकवीस इंच सहा सूत. अक्षर माझं होतं. गाडी वळेपर्यंत ते मला वाचता येत होतं.